पंप बसवलाय, मग अजून दुखतं कसं?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. लग्नात, हळदीकुंकवाला, पंचवटी एक्सप्रेसमध्ये, सगळीकडे हेच: "पोटात एवढा महागाचा पंप बसवलाय ना, मग अजून दुखतं कसं? आणि त्या मानसोपचाराच्या बाईंकडे कशाला जाता?"

माझं पाठीचं दुखणं, दोन ऑपरेशनं आणि नंतरची वर्षं तुम्हाला माहीत आहेत. ती सोडून देते.

पंप दुखणं घालवत नाही. पोटाच्या कातडीखाली चपटा गोल डबा आहे, हात फिरवला की कड लागते. तिथून बारीक नळी कमरेला वळसा घालून मणक्यातल्या पाण्यात जाते आणि मॉर्फिन अगदी थोडंथोडं सोडत राहते. तोंडाने घेतलेल्या ३०० मिलिग्रॅमचं काम तिथे साधारण १ मिलिग्रॅम करतं. म्हणून गोळ्यांची ती गुंगी आता नाही. दहापैकी आठ-नऊवर असलेलं दुखणं चार-पाचावर आलं. चारावर मला भाकरी थापता येते. आठावर कूस बदलता येत नव्हती. यापेक्षा जास्त मला कुणी कबूलही केलं नव्हतं.

आता बाईंचं. मानसशास्त्रज्ञ आणि फिजिओथेरपिस्ट यांना भेटल्याशिवाय पंप बसवणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मी भांडले होते. "दुखतंय पाठीत, डोक्यात नाही." इतकी वर्षं 'मनाचे खेळ' हे शब्द ऐकलेली बाई दुसरं काय म्हणणार? तो राग मला आजही चुकीचा वाटत नाही. बाईंनी तेव्हा जॉन बोनिका या भूलतज्ज्ञांची गोष्ट सांगितली. स्वतः कुस्तीगीर माणूस. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या लष्करी इस्पितळात सैनिकांची दुखणी त्यांना एकट्याला उलगडेनात, म्हणून ते हाडांच्या, मेंदूच्या, मनाच्या डॉक्टरांशी बसून एकेका रुग्णाबद्दल बोलायला लागले. मी ऐकून घेतलं. पटलं नव्हतं.

मग तो श्रावण आला. पंप बसवून तिसरं वर्ष. रविवारी रात्री जांभया सुरू झाल्या, थांबेचनात. नाकाडोळ्यांतून पाणी, दमट हवेत अंगावर काटा, पायांत गोळे, जुलाब. आणि पाठीत ते जुनं, आठावरचं दुखणं. सोमवारी जवळच्या एका इस्पितळात गेलो. फोन करून आमच्या डॉक्टरांना विचारावं हे त्या वेळी सुचलं नाही. पंपावर यंत्र धरून तपासलं, रिपोर्ट नॉर्मल. औषध शिल्लक, बॅटरी ठीक. ड्यूटीवरचे डॉक्टर माझ्यासमोर ह्यांना म्हणाले, "पंप व्यवस्थित चालतोय. बाईंना सवय लागलीय, डोस वाढवून हवाय." हे काही बोलले नाहीत. रिक्षात मीच त्यांना विचारलं, "तुम्हालाही तसंच वाटतं का?" त्यांनी उत्तर द्यायला जो वेळ घेतला तो मी विसरलेले नाही. त्या रात्री मी त्यांना म्हटलं, "मला गॅलरीत एकटीला सोडू नका." आजवर हे कुणाला सांगितलेलं नाही. बाईंना तेवढं सांगितलं, रात्री पावणेदोनला, फोनवर. त्या उजाडेपर्यंत फोनवर होत्या.

मंगळवारी मी फिजिओथेरपीला गेले, कारण हे मला धरून घेऊन गेले. मॅडमनी वही उघडली. "गेल्या आठवड्यात हात न टेकता दहा वेळा खुर्चीतून उठलात. आज दोनदाच." रिपोर्ट नॉर्मल आहे, असं मी सांगितलं. त्यांनी कमरेच्या व्रणावरून हात फिरवला आणि एका जागी थांबल्या. कागदी लिंबाएवढी मऊ सूज होती. उभ्याउभ्याच त्यांनी मुंबईला आमच्या डॉक्टरांना फोन लावला.

बुधवारी एक्स-रेच्या टेबलावर डॉक्टरांनी पंपाच्या बाजूच्या छिद्रात सुई घातली आणि सिरिंज ओढली. नळी जागेवर असती तर मणक्यातलं नितळ पाणी आलं असतं. काही आलं नाही. दट्ट्या सोडला की परत आत जायचा. पडद्यावर नळी दिसली: मणक्यातून निसटून कमरेच्या चरबीत वेटोळं घालून पडलेली. पंप तीन दिवस इमानाने औषध सोडत होता, चरबीत. अंगाला सवयीचं मॉर्फिन अचानक तुटलं होतं, त्या जांभया आणि जुलाब त्याचेच. त्याचा रिपोर्ट खरा होता, आणि मीही खोटं बोलत नव्हते.

नळी पुन्हा बसवली. म्हणून मी बाईंकडे जाते, म्हणून आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपी चुकवत नाही. त्या वहीत दहाचे दोन झाल्याची नोंद होती. यंत्रात नव्हती.

तरी सगळं पटलंय असं समजू नका. पायांना सूज येते, बद्धकोष्ठ आहे, दर अडीच महिन्यांनी पंप भरायला मुंबई गाठावी लागते. बॅटरी साधारण ५ ते ७ वर्षं टिकते, मग पंप बदलायला पुन्हा ऑपरेशन. माझी वेळ जवळ आलीय. खर्चाचं ठरलेलं नाही, हो म्हणायचं की नाही तेही नाही. काही रात्री वाटतं, गोळ्यांवरच राहिले असते तर निदान निसटायला नळी नसती. सकाळी भाकरी थापताना तसं वाटत नाही. रात्रीची मी आणि सकाळची मी, अजून एकमत नाही.

सध्या हात न टेकता सात वेळा उठता येतं. दहा पुन्हा झालेलं नाही.