तेरेखोलची नदी ओलांडली, तरी गोवाच!

गोव्याच्या उत्तर टोकाला, तेरेखोल नदीवरच्या केरीच्या धक्क्यावर सव्वा तास बसून होतो. सुकती, म्हणजे ओहोटी, लागलेली, आणि फेरीबोट कधी सुटेल हे सांगायला कुणी नाही. पणजीहून इथवर कसे आलो ते आता आठवतही नाही, पण त्या उन्हातली चिडचिड नीट आठवते. पायी माणसाला तिकीट नाही, म्हणून त्याला निदान वेळही सांगू नये?

समोर टेकडीवर तेरेखोलचा किल्ला. वर आरोंदा-किरणपाणीकडे ही नदी म्हणजे महाराष्ट्र आणि गोव्याची सरळ हद्द. मुखाशी मात्र हद्द नदी सोडून उत्तरेच्या काठावर चढते. सावंतवाडीच्या खेम सावंतांनी बांधलेला हा किल्ला पोर्तुगिजांनी 1746 साली घेतला आणि पुढे सोडलाच नाही. माझ्या पायाखालचा, केरीचा पेडणे तालुका त्यांच्याकडे कायमचा गेला तो 1788 साली, म्हणजे नंतर. 15 ऑगस्ट 1954 ला गोवेकर सत्याग्रहींनी याच किल्ल्यावर तिरंगा लावला. दिवसभर तो फडकला, मग सगळे तुरुंगात गेले. पुढच्या वर्षी सत्याग्रहींवर गोळ्या चालल्या आणि भारताने सीमा बंद केली.

हे मी वाचून आलो होतो. शेजारी पाटी घेऊन बसलेल्या मावशींना म्हटलं, "मावशी, पलीकडे गेलं की महाराष्ट्रातलं रेडी जवळच ना?"

"रेडी माझा म्हायेर," त्या म्हणाल्या. "सासू पण रेडयेचीच. फिरंग्यांच्या वेळार सा वर्सां तिका म्हायेराक जावंक गावला नाय. तेरेखोलापर्यंत होडयेन येई, नि थयसून परत जाई. तिचो बापूस गेलो, तां म्हयन्यान कळला."

माझी चिडचिड तिथंच विरली. नदी कधीच आड आली नव्हती. ती बाई नदी ओलांडायची, टेकडी चढायची, आणि माहेरच्या वाटेवर पोर्तुगीज शिपाई उभा असायचा. 19 डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त होईपर्यंत.

बोट सुटली आणि पाच-सात मिनिटांत पलीकडे लागलीसुद्धा. किल्ल्यातलं सेंट अँथनीचं चर्च, बुरुजावरून दिसणारा केरीचा किनारा, सगळं सुंदर आहे, जरूर बघा. मी मात्र आधी मावशींबरोबर रेडीच्या रस्त्याने चालत गेलो. हद्द कुठे लागते ते मला बघायचं होतं. एका वळणावर मावशी म्हणाल्या, "ह्यां बगा, हयसून महाराष्ट्र," आणि न थांबता पुढे गेल्या. पाटीत भावासाठी कुळीथ होते.