पोट फुगू नये म्हणून जेवणात काय घालू?

मी आहारतज्ज्ञ आहे हे कळलं, की ओळख पुरती व्हायच्या आत प्रश्न येतो, "पोट फार फुगतं हो, जेवणात काय घालू?" विचारणाऱ्याला एखाद्या मसाल्याचं नाव हवं असतं. हिंग म्हटलं, ओवा म्हटलं, की स्वारी खूश. मी मात्र आधी उलट विचारते, आत्ता काय काय घालताय ते सांगा. तिथेच बहुतेक वेळा लसूण सापडतो.

लसणात आणि कांद्यात फ्रुक्टन नावाची कर्बोदकं असतात. ती पचवणारं विकर माणसाच्या शरीरात तयारच होत नाही. मग ती तशीच मोठ्या आतड्यात पोचतात, तिथले जिवाणू ती आंबवतात आणि हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड, काहींच्या पोटात मिथेनही तयार होतो. बऱ्याच जणांना याचा पत्ताही लागत नाही. ज्यांचं आतडं हळवं, त्यांना मात्र जेवणानंतर काही तासांनी कपडे घट्ट व्हायला लागतात. गंमत म्हणजे हीच मंडळी ताटातला कांदा वेचून बाजूला ठेवतात आणि तयार मसाल्यातली कांद्या-लसणाची पूड बिनधास्त खातात. वाळवल्यावर पाणी उडून जातं, फ्रुक्टन नाही. चमचाभर पुडीत ते उलट दाटून बसलेलं असतं. तेव्हा पाकिटावरची बारीक अक्षरं वाचा.

लसणाच्या वासाशिवाय घास उतरत नसेल, तर एक सोय आहे. फ्रुक्टन पाण्यात विरघळतं, तेलात विरघळत नाही; वास मात्र तेलात छान उतरतो. म्हणून सूपमध्ये उकळलेला लसूण नंतर काढून टाकण्यात काही हशील नाही, जे उतरायचं ते सूपमध्ये उतरलेलं असतं. त्याऐवजी पाकळ्यांचे जाड काप गार तेलात टाका आणि मंद आचेवर ठेवा. कापांभोवती बारीक बुडबुडे धरतात, वास सुटतो. कडा पिवळसर झाल्या की सगळे काप उचलून टाका आणि त्याच तेलात पुढचं शिजवा. हे तेल लागेल तेवढंच करा. लसणाचे तुकडे घातलेलं तेल बाटलीत भरून बाहेर ठेवलं तर त्यात बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जिवाणू वाढू शकतात, आणि ते दुखणं पोट फुगण्यापेक्षा फार भयंकर.

कडधान्यांतल्या रॅफिनोज आणि स्टॅकिओज या अशाच गॅस करणाऱ्या शर्कराही पाण्यात विरघळतात. भिजवलेलं पाणी फेकून ताज्या पाण्यात शिजवा. पौष्टिक म्हणून ते पाणी राखून ठेवणाऱ्यांपुढे मी हात टेकले आहेत.

आता मसाले. ते गॅस नाहीसा करतात असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. पुदिन्यातलं मेंथॉल आतड्याचे स्नायू सैल करतं, त्यामुळे कळ कमी होते. पण ते अन्ननलिकेच्या तोंडाची झडपही सैल करतं, म्हणून छातीत जळजळणाऱ्यांनी जपून. आल्यानं जठर जरा लवकर रिकामं होतं. हिंग, जिरं, बडीशेप यांच्यामागे अनुभव जुना आहे, पुरावा तोकडा. बरं वाटत असेल तर खुशाल घाला.

मिठावर कुणाला संशय येत नाही. अमेरिकेतल्या डॅश-सोडियम या आहारप्रयोगाची आकडेवारी २०१९ साली पुन्हा तपासली, तेव्हा जास्त मिठाच्या जेवणावर पोट फुगल्याच्या तक्रारी जास्त दिसल्या. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. जगाची सरासरी त्याच्या दुपटीहून अधिक आहे.

आणि घड्याळ बघा. शेवटचा घास घेताघेता पोट तटतटलं, तर समोरच्या ताटाला बोल लावू नका. ते अन्न मोठ्या आतड्यापर्यंत पोचायला काही तास लागतात. जठर भरलं की मोठं आतडं हलायला लागतं, आणि आधीच्या जेवणाचा गॅस तेव्हा जाणवतो. घाईघाईत गिळलेली हवा आणि फसफसणारी पेयं यांचा वाटा वेगळाच.

वजन उतरतंय, शौचात रक्त दिसतंय, किंवा पन्नाशीनंतरच्या बाईचं पोट अलीकडेच सतत फुगायला लागलंय, तर मसाल्यांचा विचार सोडा आणि डॉक्टरांकडे जा.

"मग लसूण कायमचा बंद?" हा पुढचा प्रश्न ठरलेला. नाही. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातल्या संशोधकांनी असे आंबणारे पदार्थ कमी करण्याची जी पद्धत बसवली, तीही कायमची नाही. दोन ते सहा आठवडे पथ्य, तेही आहारतज्ज्ञाला विचारून. मग एकेक पदार्थ परत आणायचा. लसणाची पाळी आली की पहिल्या दिवशी चिमूटभर, पुढचे दोन दिवस थोडा थोडा वाढवून. बाकीचं जेवण तेव्हा जसंच्या तसं ठेवा, नाहीतर पोट कशानं फुगलं ते कळायचं नाही.