जामीन, चर्चची कमिटी आणि स्तोत्र ५५ : माझा अनुभव

घरच्यासारख्या माणसाने फसवलंय आणि वर चर्चमध्ये सगळे "माफ करून टाक" म्हणतायत, अशांसाठी लिहितेय. इंदूरलाच, आमच्या क्वायरमधली (चर्चच्या गायनगटातली) जुनी मैत्रीण, तिच्या लोनला मी जामीन राहिले, तिने हप्ते थांबवले आणि बँकेचे फोन मला सुरू झाले. कायद्याने जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, आधी तिलाच पकडा असं आपण म्हणू शकत नाही. असो, हप्ते भरले, बँकेचं निस्तरलं.

अडकलं ते कमिटीपाशी. बायबलात मत्तय १८ मध्ये सरळ लिहिलंय, आधी एकट्याने जाऊन बोल, नाही ऐकलं तर एक-दोघांना सोबत ने, तरी नाही तर मंडळीला सांग. मी एकटी जाऊन आले, तिने चहा पाजला आणि विषय बदलला. मग सोबत दोन वडीलजन (मंडळीतले जबाबदार ज्येष्ठ) द्या म्हटलं तर आधी "ईस्टर होऊन जाऊ द्या", मग मुलांचं व्हीबीएस (सुट्टीतले बायबल वर्ग), मग सेक्रेटरी गावाला. लेखी द्या म्हणाले, दिलं, तर "ताई, हे कागदावर कशाला आणलंत?" एका काकांनी तर नीतिसूत्रे ६ ऐकवलं, जामीन होऊ नये म्हणून. अहो काका, आता? आणि ज्याच्या त्याच्या तोंडी, सत्तर वेळा सात माफ कर. तेही त्याच अठराव्या अध्यायात आहे, पण साक्षीदारांच्या पायरीनंतर, ती पायरी बरी गाळतात सगळे. त्यातच प्रभुभोजनाला (येशूच्या शेवटच्या जेवणाच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेतात तेव्हा) ट्रे नेमका तिच्याच हातून माझ्याकडे आला, छोटे ग्लास किणकिणत होते, हात तिचा थरथरत होता की माझा कोण जाणे. घेतलं, आणि घरी येऊन रडले.

(लेखी दिलंत तर पोच घ्याच, चर्च असलं तरी.)

दिलासा मिळाला तो स्तोत्र ५५ मध्ये. आमच्याकडे उपासना हिंदीत, पण घरी आजीचं मराठी बायबल आहे, त्यात वाचलं. "आपला भार परमेश्वरावर टाक" हे २२वं वचन कॅलेंडरवर छापतात ना, त्याच्या वरचं कुणी छापत नाही. शत्रूने निंदा केली असती तर सोसलं असतं, पण तू तर माझा सोबती, आपण मिळून देवाच्या घरी जायचो, असं आहे तिथे. बोलणं लोण्यासारखं आणि मनात लढाई. मध्येच चक्क शापही देतो तो स्तोत्र लिहिणारा! म्हणजे एवढं चिडूनही प्रार्थना चालते. मग मी रोज रात्री तिचं नाव घेऊन मोठ्याने तसंच बोलायचे, मिस्टर उठून दुसऱ्या खोलीत जायचे. बोलून झालं की झोप लागायची, जी आधी लागत नव्हती. आणि येशूने त्याला धरून देणाऱ्या शिष्याबद्दल, यहूदाबद्दल, माझी भाकर खाणाऱ्यानेच माझ्यावर टाच उचलली, हे जुनं स्तोत्रातलं वचन काढलं तेही जेवायला बसलेलं असतानाच (योहान १३), हे वाचलं तेव्हापासून त्या ट्रेची भीती गेली.

मीटिंग शेवटी झाली, पाळकसाहेबांनी स्वतः लावली म्हणून. महिन्याला किती देणार ते तिने लिहून दिलं, दोन वडीलजनांच्या सह्या आहेत. पहिला हप्ता यूपीआयने आला, दुसरा मागावा लागला.

माफ केलं, मग परत सही करशील का, असं एका भाभींनी विचारलं. म्हटलं, बायबलातल्या योसेफाला भावांनी विकलं होतं, त्यानेही त्यांना आधी पारखलं, त्यातल्या शिमोनला अडकवून ठेवलं, गळ्यात पडून रडला तो नंतर. सही नाही करणार.