रिसीव्ह क्यूला ‘६’ लिहिलं आणि नऊ दिवस गेले

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीसाठी आम्ही कंट्रोलर बोर्ड बनवतोय. एकाच इथरनेट पोर्टवर भट्टीवरच्या कॅमेऱ्याचा व्हिडिओ येतो आणि पीएलसीचे, म्हणजे यंत्रं चालवणाऱ्या कंट्रोलरचे, आदेशही. व्हिडिओचा लोंढा आला की आदेश रखडायचे. व्हीएलएएन टॅगमध्ये, म्हणजे पॅकेटवरच्या नेटवर्कच्या चिठ्ठीत, प्रायॉरिटीला तीन बिट असतात, म्हणजे ० ते ७. पीएलसीला ६ द्यायची आणि इथरनेट चालवणाऱ्या लिनक्सच्या एसटीएममॅक ड्रायव्हरला सांगायचं, येणारी ६ वाली पॅकेटं वेगळ्या रांगेत, म्हणजे रिसीव्ह क्यू १ मध्ये घाल.

बाकी सगळं एका दुपारीत झालं. डिव्हाइस ट्रीमध्ये, म्हणजे बोर्डचं हार्डवेअर लिनक्सला सांगणाऱ्या फाइलमध्ये, क्यू १ च्या प्रायॉरिटीपुढे मी ६ लिहिलं. बोर्ड निमूट चालू झाला, एक एरर नाही. पण पोर्टचे आकडे दाखवणाऱ्या इथटूलमध्ये क्यू १ शून्यावरच, क्यू ० चा आकडा मात्र धावतोय.

मग नऊ दिवस. आधी स्विचवर संशय, कारण अ‍ॅक्सेस पोर्ट टॅग काढून टाकतो. पॅकेटं उघडून दाखवणारा टीसीपीडम्प ‘-ई’ लावून पाहिला, टॅगवर ‘पी ६’ स्वच्छ दिसत होतं. केबल बदलली, कर्नल बदलला. बोर्डवाल्या कंपनीच्या सपोर्टला रोज मेल. उत्तर एकच, ‘लॉग पाठवा’. चार वेळा पाठवले. डिव्हाइस ट्रीची ती ओळ एकानंही वाचली नाही, याचा राग अजून जात नाही.

शेवटी उद्यमनगरातल्या मित्राला ती ओळ फोनवर वाचून दाखवली. तो म्हणाला, “भावा, त्यो आकडा न्हाई, बिटमास्क हाय. सहावा बिट लाव.”

बिटमास्क म्हणजे त्या आकड्यातला एकेक बिट एकेका प्रायॉरिटीचा; लावला तर ती प्रायॉरिटी या क्यूत. बिट शून्यापासून मोजायचे. ६ म्हणजे बायनरीत ११०, म्हणजे क्रमांक १ आणि २ चे बिट. माझी क्यू १ इतके दिवस प्रायॉरिटी १ आणि २ च्या पॅकेटांची वाट बघत होती! क्रमांक ६ चा बिट म्हणजे ६४. ते लिहून बोर्ड रीबूट केला आणि क्यू १ चा आकडा हलला. मी खुर्चीतून उठलोच.

हो, पाठवणारा लिनक्स असेल तर व्हीएलएएन इंटरफेसला इग्रेस क्यूओएस मॅप, म्हणजे जाणाऱ्या पॅकेटाच्या टॅगमध्ये कुठली प्रायॉरिटी घालायची त्याचा तक्ता, द्या, नाहीतर टॅगमध्ये प्रायॉरिटी ० च जाते. आणि ५, ६ दोन्ही एकाच क्यूत हव्या असतील तर ३२ अधिक ६४, म्हणजे ९६ लिहा.