पांढरं पडलेलं पोराइट्स

मालवणात पर्यटकांचं स्कूबा शूट करताना मी सेटिंगचा फारसा विचार करत नाही. १०८० रिझोल्यूशन, सेकंदाला ६० फ्रेम. फाइल लहान राहते, माणूस कपडे बदलून येईपर्यंत त्याच्या मोबाइलवर जाते, आणि माशांचा थवा अर्ध्या वेगाने दाखवला की घरच्यांना बघायला बरं वाटतं. त्या मे महिन्यात एक संशोधक मॅडम आल्या. त्यांना व्हिडिओ बघायचा नव्हता, थांबवायचा होता.

खडपात सहा मीटर खोलीवर पोराइट्स प्रवाळाच्या वसाहती आहेत. त्यांच्यावर पांढरे चट्टे पडले होते. पाणी तापलं की प्रवाळाच्या अंगातलं सूक्ष्म शैवाल निघून जातं आणि आतला चुनखडीचा सांगाडा दिसू लागतो. पण पांढरं पडलं म्हणजे मेलं असं नसतं. जीव पारदर्शक होऊन तिथेच असतो, पाणी वेळेत निवलं तर रंग परत येतो. मेलेल्या भागावर हळूहळू शेवाळ चढतं. कुठे जीव आहे आणि कुठे गेलाय, एवढंच मॅडमना हवं होतं. त्यासाठी २० मीटरची टेप टाकायची, तिच्यावरून कॅमेरा न्यायचा आणि वर येऊन एकेक फ्रेम तपासायची. पाच दिवसांनी पावसाळ्यासाठी सगळं बंद होणार होतं.

मी १०८०, १२० फ्रेम लावलं. जास्त फ्रेम म्हणजे निवडायला जास्त चित्रं आणि हललेलंही कमी, असा माझा हिशेब. दोन मिनिटांत टेप संपवली.

संध्याकाळी लॅपटॉपवर पहिलीच फ्रेम थांबवली आणि पोटात खड्डा पडला. सगळीकडे रवाळ दाणे. पांढरा चट्टा की वाळू, तेही सांगता येईना. मॅडम काही बोलल्या नाहीत, फक्त तक्त्याचा तो रकाना रिकामा ठेवला. मला तो रिकामा रकाना फार लागला.

रात्री वही घेऊन बसलो. १२० फ्रेममध्ये प्रत्येक चित्राला प्रकाश मिळतो जास्तीत जास्त १/१२० सेकंद. सुकतीचं, म्हणजे ओहोटीचं गढूळ पाणी, त्यात रंग आणण्यासाठी लाल फिल्टर, तोही प्रकाश खाणारा. मग कॅमेऱ्याने आयएसओ, म्हणजे प्रकाशाची संवेदनशीलता, वर नेला आणि दाणे आले. पण खरी चूक पुढे सापडली. पोराइट्सचा एकेक कप, म्हणजे एकेका जीवाची सांगाड्यातली वाटी, जेमतेम सव्वा मिलिमीटरचा. माझ्या चौकटीत ८० सेंटिमीटर रुंदी मावत होती, म्हणजे १०८० मध्ये त्या कपाच्या वाट्याला आडवे तीनच पिक्सेल. आणि २० मीटर दोन मिनिटांत पोहल्यावर १/१२० सेकंदातही कॅमेरा जवळजवळ दीड मिलिमीटर सरकतो. कपाएवढंच चित्र फासलं जात होतं. फ्रेम वाढवून उपयोग नव्हता, पाय आवरायला हवे होते.

बोट चालवणाऱ्या तांडेलांनी सकाळी पाणी बघून सांगितलं, "धा वाजापर्यंत उतरा, मगे सुकती लागतली." भरतीच्या टोकाला खाडीचा गाळ मागे असतो, त्या तासाभरात काय ते उरकायचं.

या वेळी 4के, म्हणजे १०८० च्या दुप्पट आडवे पिक्सेल, आणि ३० फ्रेम. ६० लावता आलं असतं, पण माझ्या कॅमेऱ्यात तेवढाच डेटा दुप्पट फ्रेममध्ये वाटला जातो, आणि पाण्यातला प्रत्येक तरंगता कण त्यातला आपला हिस्सा घेतो. (भारतात २५ किंवा ५० च लावा असं सांगतात, ते ५० हर्ट्झच्या दिव्यांच्या लुकलुकीमुळे. उन्हाला लुकलुक नाही.) शटर हाताने १/६० वर बांधलं, फिल्टर काढला, रंग खरे यावेत म्हणून पांढऱ्या पाटीवर खालीच व्हाइट बॅलन्स घेतला. स्थिरीकरण बंद. हाउसिंगला, म्हणजे कॅमेऱ्याच्या जलरोधक कवचाला, पातळ काठी बांधली, टोक टेपच्या बोटभर वर राहील अशी, म्हणजे उंची बदलणार नाही. आणि २० मीटरला पूर्ण दहा मिनिटं.

दहा मिनिटं इतकं हळू जाणं सोपं नाही. श्वास घेतला की शरीर वर उचलतं, सोडला की खाली बसतं. अर्ध्यात बाजूला एक माकूल रंग बदलत थांबलं होतं. एरवी मी तिथेच वळलो असतो. मॅडमनी बोटाने टेप दाखवली, मी टेपवरच राहिलो.

वर येऊन बोटीतच टॉवेलखाली लॅपटॉप उघडला. मॅडमनी चट्ट्यावर थांबवून चित्र मोठं केलं. कपाच्या कडा दिसत होत्या, स्वच्छ, शेवाळाचा मागमूस नाही. काही कपांत बारीक फिकट ठिपके, मिटलेले जीव. मॅडम बराच वेळ बघत राहिल्या, मग रकान्यात लिहिलं: जिवंत. पुढच्या फ्रेमला जिवंत. त्याच्या पुढच्या कडेला तपकिरी लव होती, तिथे लिहिलं: मृत.

ऑक्टोबरात याच टेपवर पुन्हा उतरायचं ठरलं. तुलना व्हायची तर सगळं तेच हवं. मी कागदावर लिहून तो कॅमेऱ्याच्या पेटीत झाकणाला चिकटवला: 4के, ३० फ्रेम, १/६०, फिल्टर नाही, काठी तीच, भरतीचं टोक, दहा मिनिटं.