आमची वाटचाल : प्रयोगपटांच्या रिळांसोबत

वडिलांनी मुंबईत सुरू केलेली आमची पेढी मूळची १६ मिमी प्रोजेक्टरच्या दुरुस्तीची. शाळा आणि फिल्म सोसायट्या हे आमचे गिऱ्हाईक. व्हिडिओ आल्यावर हे काम आटले, लोकांनी नेली नाहीत अशी रिळे दुकानात साठत गेली आणि ती पाहायला आणि विकत घ्यायला संग्राहक येऊ लागले.

त्यांची ओढ प्रयोगपटांकडे, म्हणजे रूढ कथेऐवजी चित्र, ध्वनी आणि संकलनाचे प्रयोग करणाऱ्या चित्रपटांकडे अधिक, आणि ती रास्त आहे. व्यावसायिक चित्रपटाच्या अनेक प्रती निघत. प्रयोगपट मात्र पुष्कळदा रिव्हर्सल फिल्मवर चित्रित होई, म्हणजे कॅमेऱ्यातून गेलेली फीतच धुतल्यावर पडद्यावर दाखवायची प्रत बने आणि मागे निगेटिव्ह उरत नसे. चित्रकार अकबर पदमसी यांच्या १९६९ सालच्या ‘इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर’ची एकुलती एक प्रत हरवली आणि चित्रपटच नाहीसा झाला. पुढे आशिम अहलुवालिया यांनी पदमसींना सोबत घेऊन २०१६ साली त्याची नव्याने मांडणी केली, पण मूळची फीत ती नव्हेच.

सरकारच्या माहितीपट काढणाऱ्या फिल्म्स डिव्हिजनमधील दिग्दर्शक प्रमोद पती यांचा ‘एक्सप्लोरर’ (१९६८) सरकारी निर्मितीचा, तरीही संग्राहक तो शोधतात. त्यातले काही तुकडे इतके आखूड आहेत की पडद्यावर डोळा त्यांना धरू शकत नाही. अशी फीत रिवाइंडरवर, म्हणजे रीळ गुंडाळायच्या हातयंत्रावर, हाताने सरकवली की दिग्दर्शकाने कात्री नेमकी कुठे चालवली ते चौकटीगणिक दिसते, आणि माझ्या मते संग्राहकाला खरे सुख तेच देते.

विक्रीआधी आम्ही प्रत्येक रीळ संपूर्ण उलगडून तपासतो. व्हिनेगरसारखा आंबूस वास म्हणजे ॲसिटेटची (एक प्रकारच्या प्लॅस्टिकची) फीत कुजू लागली. गुलाबी पडलेले चित्र म्हणजे निळसर आणि पिवळा रंग उडाले. कोडॅकच्या फितीच्या कडेवरील खुणांवरून वर्ष कळते, परंतु त्या खुणा साधारण २० वर्षांनी पुन्हा येत असल्याने केवळ त्यांवर विसंबून आम्ही काळ ठरवत नाही. फितीचा प्रकार आणि डब्यावरील चिठ्ठीही पाहतो. जोड किती, फितीच्या कडेची छिद्रे कुठे फाटली, हे सारे लेखी देतो. प्रत विकत घेतली म्हणून जाहीर प्रदर्शनाचा हक्क मिळत नाही, हेही पावतीवर छापलेले असते.

आंबूस वासाची रिळे इतरांपासून दूर, हवेशीर कपाटात ठेवतो आणि ती विकण्याआधी त्यांचे स्कॅनिंग करून घेण्याचा आग्रह धरतो.