धूर नेमका कुठे आहे?

गेल्या वर्षी मार्चमध्ये सिंहगडाच्या कल्याण दरवाजाजवळ उभा असताना कात्रजकडे जाणाऱ्या डोंगरधारेवर धुराचा लोट दिसला. वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन लावला. पलीकडच्या ताईंनी शांतपणे विचारले, "नेमके कुठे?" त्या धारेवरच्या टेकड्या एकीसारखी दुसरी, त्यामुळे "समोरच्या सोंडेच्या मागे" यापलीकडे मला काही सांगता येईना. वणव्याच्या टेहळणी मनोऱ्यांचा इतिहास मी वाचू लागलो तो या प्रश्नामुळे.

अमेरिकेत 20 आणि 21 ऑगस्ट 1910 या दोन दिवसांत आयडाहो, मोंटाना आणि वॉशिंग्टन या राज्यांतील सुमारे 30 लाख एकर जंगल जळाले. आग लहान असतानाच सापडली पाहिजे, हे त्यानंतर तिथल्या वनखात्याने मनावर घेतले, आणि पुढच्या काही दशकांत शिखराशिखरांवर हजारो मनोरे उभे राहिले. त्यांपैकी बरेचसे 1930 च्या दशकातील मंदीत बेरोजगार तरुणांना काम देणाऱ्या सरकारी योजनेतून बांधले गेले. ऑस्ट्रेलियातील पेम्बर्टनजवळ तर 1947 मध्ये जवळजवळ 60 मीटर उंचीच्या कारी वृक्षाच्या खोडात खुंट्या ठोकून त्याचाच मनोरा करण्यात आला.

मात्र उंचीपेक्षा मला मोलाचे वाटते ते मनोऱ्यातल्या खोलीच्या मध्यभागी बसवलेले, ऑस्बोर्न नावाच्या वनकर्मचाऱ्याने तयार केलेले यंत्र. गोल तबकडीवर परिसराचा नकाशा चिकटवलेला असतो, भोवती अंशांच्या खुणा असलेले फिरते कडे असते, कड्याच्या एका बाजूला बारीक फट आणि समोरच्या बाजूला केसाएवढी तार असते. फटीतून पाहत तार धुराच्या बुडाशी आणायची आणि कड्यावरचा अंश वाचायचा. एका मनोऱ्यावरून केवळ दिशा कळते. दुसऱ्या मनोऱ्यावरचा माणूस त्याच धुराचा आपला अंश फोनवर सांगतो, तेव्हा नकाशावर दोन रेघा जिथे छेदतात तिथे आग असते. कॅलिफोर्नियातील क्लॅमथ जंगलात हॅली डॅगेट ही तरुणी 1913 पासून उन्हाळ्यामागून उन्हाळे अशी टेहळणी करत राहिली. वादळात विजेचा धक्का बसू नये म्हणून पायांना काचेच्या वाट्या लावलेल्या स्टुलावर उभे राहण्याची पद्धत या मनोऱ्यांत रूढ होती, हे वाचून त्या कामाविषयीचा आदर आणखी वाढला.

आपल्याकडे देहरादूनची भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था 2004 पासून उपग्रहाच्या साहाय्याने वणव्यांची सूचना देते आणि ती फार मोठी सोय आहे. तरीही उपग्रह दिवसातून मोजक्याच वेळा डोक्यावरून जातो, आणि त्याच्या चित्रातला एक ठिपका आजही सुमारे 375 मीटरचा असतो. सह्याद्रीच्या उतारावर एवढ्या अंतरात माथा आणि पायथ्याचे शेत दोन्ही बसू शकतात, तर वाळलेल्या गवतातली आग वाऱ्याबरोबर बघता बघता चढते.

आता मी गडावर जाताना होकायंत्र आणि नकाशा नेतो. कात्रजला राहणारा माझा मित्र त्याच्या गच्चीवरून धुराची दिशा मोजून फोनवर सांगतो. या फेब्रुवारीत आमच्या दोन रेघा भिलारेवाडीच्या वरच्या धारेवर छेदल्या. फोनवर पुन्हा तोच प्रश्न आला, तेव्हा मी टेकडी, तिची बाजू आणि पायथ्याचे गाव सांगू शकलो.